तीस टक्के आडत आणि मातीचा किल्ला

ताई, नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातला. पुण्यातली नोकरी सोडून गेलं दीड वर्ष एकट्यानं एक गेम बनवतोय. विषय दिवाळीतला किल्ला. माती कालवायची, बुरूज रचायचे, अळीव पेरायचे, मावळे मांडायचे आणि मागच्या गल्लीतल्या पोरांच्या किल्ल्यापेक्षा आपला भारी करायचा. गोडो इंजिनात केलाय, पीसीसाठी. भारतात ४९९ रुपये आणि बाहेर ९.९९ डॉलर अशी किंमत डोक्यात आहे.

अडलंय विक्रीपाशी. स्टीम, म्हणजे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान, ३० टक्के घेतं. एक मित्र म्हणतो एपिक या दुसऱ्या दुकानात टाक, तिथं शून्य. दुसरा म्हणतो स्वतःची वेबसाइट काढ, पेमेंटवाले दोनेक टक्केच घेतात. एक प्रकाशक ४० टक्के मागतोय, वर म्हणतो फोनवरही काढू. आमचा बेदाण्याचा धंदा. वडिलांना ३० टक्के सांगितल्यावर म्हणाले, "एवढी आडत? मग तो अडत्या रात्री तुझ्या जोडीला गेम करायला पण बसतो का?" मला उत्तर देता आलं नाही. काय करू?

— किल्लेदार

---

किल्लेदारा,

वडिलांचा प्रश्न तुझ्या दोन्ही मित्रांच्या सल्ल्यापेक्षा वजनदार आहे, म्हणून आधी त्यांना उत्तर देते. नाही, अडत्या जोडीला बसत नाही. तो ओटा देतो, काटा देतो आणि गिऱ्हाईक गोळा करतो. तुझ्या गेमची फाइल ब्राझीलमधल्या पोरानं मध्यरात्री उतरवली तर तिचा खर्च दुकानाचा. पैसे तिथल्या चलनात, तिथल्या पद्धतीनं घ्यायचे, तिथला कर तिथल्या सरकारला भरायचा, कुणी कार्डाचा व्यवहार उलटवला तर निस्तरायचं, गेम परत केला तर पैसे द्यायचे, हेही दुकानाचं. या सगळ्याला ३० टक्के लागतात का? माझ्या मते नाही. मग एवढे का घेतात? कारण गिऱ्हाईक त्यांच्या ओट्यावर आहे आणि ते त्यांना पक्कं ठाऊक आहे.

आता पाटी-पेन्सिल घे. भारतात ४९९ रुपयांना विकलेल्या प्रतीत १८ टक्के जीएसटी आतच असतो. तो काढला की उरतात ४२३. त्यावर ३० टक्के म्हणजे १२७ रुपये स्टीमचे आणि तुझ्या वाट्याला २९६. एपिकनं जून २०२५ पासून प्रत्येक गेमच्या वर्षातल्या पहिल्या १० लाख डॉलरच्या विक्रीवर काहीच घ्यायचं नाही असं ठरवलंय, त्यापुढे १२ टक्के. म्हणजे तिथं पूर्ण ४२३ तुझे. वर्षाला १० लाख डॉलर तुझा किल्ला ओलांडणार असेल तर मला पुढचं पत्र विमानातून लिही.

२९६ आणि ४२३ यांची तुलना करताना तुझा मित्र एक गोष्ट विसरला. स्टीमवर १०० प्रती खपल्या तर २९,६०० रुपये येतात. तेवढेच पैसे एपिकवर ७० प्रतींत येतात. तेव्हा स्टीमवर शंभर लोक घेतील तिथं एपिकवर सत्तर जण घेतील का, एवढाच प्रश्न. नाव नसलेल्या एकट्या माणसाच्या पहिल्या गेमसाठी मी याला नाही म्हणेन, आणि बरंच ठामपणे म्हणेन. एपिकचं दुकान डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं ते १२ टक्क्यांचा बोर्ड लावूनच. तेव्हापासून ते फुकट गेम वाटून गिऱ्हाईक बोलावतंय. पण फुकटचा गेम घ्यायला आलेला माणूस जाताना शेजारचा ४९९ चा उचलतोच असं नाही. एपिकला शून्य परवडतं कारण त्यांचं पोट या दुकानावर नाही, फोर्टनाइट हा त्यांचा गेम आणि गेम बनवायचं अनरील इंजिन कमावतात.

पण यातून एकच निवडायचं आहे असं तुला कुणी सांगितलं? स्टीम तुझ्याकडून एकनिष्ठेची शपथ घेत नाही. एपिकनं मार्च २०२३ पासून कुणालाही स्वतःहून गेम लावायची सोय केली आहे, एका गेमला १०० डॉलर. स्टीमचंही १०० डॉलरच, फक्त त्यांचे पैसे गेमनं १,००० डॉलरची विक्री केली की परत मिळतात. इच डॉट आयओ या छोट्या गेमांच्या दुकानात तर दुकानाला किती द्यायचं ते तूच ठरवतोस. न बदललं तर १० टक्के, मनात आणलंस तर शून्य, पेमेंटचा खर्च वेगळा. तिथं भाव मिळत नाही, पण चोखंदळ माणसं मिळतात. तुझा किल्ला मातीसारखा वाटतो की थर्माकोलसारखा, हे तोंडावर सांगणारी. लहानसा डेमो आधी तिथं ठेव.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आठवत असेल. २०१७ मध्ये लोकवर्गणीचं उद्दिष्ट गाठता आलं नाही, तरी गेम झाला. ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि दोनेक महिन्यांनी पीसी आणि बाकीच्या कन्सोलवर. एका ओट्यावर सगळा माल ओतायचा नसतो, हे बेदाणेवाल्याच्या पोराला मी सांगायला नको.

आता रागाची गोष्ट. ३० टक्के घेतात याचा मला राग नाही, कुणाकडून किती घेतात याचा आहे. स्टीमनं २०१८ च्या अखेरीस दर बदलले. एका गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या वर गेली की वरच्या रकमेवर २५ टक्के, ५ कोटींच्या वर २० टक्के. हत्तीला सवलत आणि मुंगीला पूर्ण भाव! फोनच्या दुकानांत उलटं झालं. ॲपलनं जानेवारी २०२१ पासून आणि गूगलनं जुलै २०२१ पासून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतच्या छोट्यांसाठी दर १५ वर आणला. मनाच्या मोठेपणानं नव्हे. कोर्टकचेऱ्या आणि सरकारं मागे लागली होती. आपल्या स्पर्धा आयोगानंही ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या पेमेंट सक्तीबद्दल गूगलला ९३६ कोटींचा दंड केला. अपिलात पुढे तो बराच कमी झाला, ते सोड. पीसीच्या बाजारात तसा दबाव आला नाही. मायक्रोसॉफ्टनं ऑगस्ट २०२१ मध्ये पीसी गेमवरचा वाटा ३० चा १२ केला, तेव्हाही स्टीम ढिम्म हललं नाही. कशाला हलेल? कुणी सोडून गेलंच नाही.

वडिलांना आठवत असेल, २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद पाडले होते. म्हणजे आडत कुणी द्यायची हे बदलता येतं, पण त्यासाठी वर कुणीतरी बसलेलं लागतं. इथं वर कुणी नाही.

तुला वाटेल, एपिकवर आडत नाही तर तिथं ३९९ ला विकू, गिऱ्हाईक आपोआप तिकडे वळेल. बाजाराचा साधा नियम तोच. नेमक्या याच मुद्द्यावर वुल्फायर गेम्स नावाच्या छोट्या कंपनीनं २०२१ मध्ये स्टीमची मालक असलेल्या व्हॉल्व कंपनीवर अमेरिकेत दावा लावला. दुसरीकडे स्वस्त विकू दिलं जात नाही, म्हणून कमी आडतीचं दुकान उभंच राहू शकत नाही, असा आरोप. व्हॉल्वला तो मान्य नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं त्या दाव्यात बाकीच्या डेव्हलपरांनाही एकत्र सामील केलं. तू मात्र या भांडणात पहिल्या गेमची मान अडकवू नकोस. सगळीकडे भाव एक ठेव.

वेबसाइटवाल्या मित्राचं गणित भारतापुरतं खरं आहे. फक्त इथल्या गिऱ्हाइकांना विकणार असशील तर पेमेंट गेटवेला दोनेक टक्के देऊन बाकी तुझं. पण जर्मनीतल्या एका माणसानं एक प्रत घेतली की युरोपचा व्हॅट तुझ्या दारात आला. युरोपबाहेरच्या विक्रेत्याला तिथं डिजिटल मालावर किमान मर्यादेची सूट नाही, पहिल्या प्रतीपासून नोंदणी आणि विवरणपत्रं. ब्रिटनचं वेगळं. ९.९९ डॉलरच्या गेमसाठी कोण करत बसणार? स्टीमच्या ३० टक्क्यांतला जो भाग मला खरोखर कमावलेला वाटतो तो हाच.

वेबसाइट अगदीच सोडू नकोस. स्टीम आपल्या डेव्हलपरांना गेम उघडायचे कोड फुकट काढून देतं, ज्याला सगळे स्टीम की म्हणतात. ते तू बाहेर विकलेस तर त्यावर स्टीम एक पैसा घेत नाही. अट एवढीच की स्टीमच्या गिऱ्हाइकाला त्याहून वाईट सौदा मिळू नये. गणेशोत्सवात मंडळांपुढे गेमचा स्टॉल लावलास, कॉलेजच्या महोत्सवात गेलास, तर तिथं हे कोड उपयोगी पडतात. एक सावधगिरी. गेमचं पान दिसू लागलं की "आम्ही मोठे समीक्षक, पाच की पाठवा" अशा मेलांचा पाऊस पडेल. त्यातले बहुतेक की घेऊन दुसरीकडे विकतात. ज्याचा चॅनेल तू स्वतः उघडून पाहिला नाहीस त्याला काही पाठवू नकोस.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. तुमच्या सौद्यात उधळण म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही. पेटी उघडायची, माल बघायच्या निमित्तानं मूठमूठ बेदाणा टेबलावर उधळायचा, आणि तो शेतकऱ्याच्या वजनात परत यायचाच नाही. आडत पावतीवर छापलेली असते म्हणून सगळे तिच्यावर भांडतात. उधळण पावतीवर येत नाही. गेमच्या धंद्यातही तेच आहे, आणि तुझ्या अख्ख्या पत्रात आडतीचेच आकडे आहेत.

पहिली उधळण परताव्याची. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम स्टीमवर परत करता येतो, कारण विचारत नाहीत. गिऱ्हाईक म्हणून मला हा नियम आवडतो. पण तुझा किल्ला दीड तासात पूर्ण होत असेल तर माणूस पूर्ण खेळून, कौतुक करून पैसे परत घेऊ शकतो. २०२१ मध्ये दोन तासांच्या आत संपणारा एक भयपट-गेम बनवणाऱ्यानं याच कारणानं हे काम सोडत असल्याचं जाहीर केलं होतं, आणि त्याच्या गेमला लोकांचे अभिप्राय चांगले होते. पण तेवढ्यासाठी उगाच लांबण लावू नकोस. अळीव उगवायला खेळातले चार दिवस लागू देत, रोज पाणी घालायला लाव, पोरं परत येतील.

दुसरी उधळण कराची, आणि ही माझी स्वतःची जखम. अमेरिकन दुकानात नाव नोंदवताना एक कराची प्रश्नावली येते. अमेरिकेत झालेल्या विक्रीतल्या तुझ्या वाट्यातून तिथं कर कापतात. काहीच न सांगितलं तर ३० टक्के, आणि भारत-अमेरिका कर-कराराचा लाभ मागितला तर १५. त्यासाठी पॅन नंबर द्यावा लागतो. माझ्या पहिल्या गेमच्या वेळी मी तो रकाना "नंतर भरू" म्हणून सोडला. सात महिने ३० टक्के कापले जात होते आणि मी दुकानाच्या आडतीला शिव्या देत होते. ९.९९ डॉलरच्या प्रतीतून दुकानाचा वाटा गेला की ६.९९ उरतात. पॅन भरलास तर हातात ५.९४, नाही भरलास तर साधारण ४.९०. एका रिकाम्या रकान्याची किंमत प्रत्येक प्रतीमागे एक डॉलर! शिवाय तिथं कापलेल्या १५ टक्क्यांचं श्रेय इथल्या आयकरात मागता येतं, पण त्याचा फॉर्म वेगळा आणि वेळेत भरावा लागतो. परदेशी उत्पन्न आणि निर्यातीचा जीएसटी रोज पाहणारा सीए शोध. तालुक्याच्या गावी नसेल तर सांगलीत बघ. त्याच्या फीवर घासाघीस करू नकोस.

तिसरी, सेलची. सेल लागला की हात शिवशिवतात. ५० टक्के सवलत दिलीस की ४९९ चे २४९, कर जाऊन २११, आडत जाऊन १४८. अर्ध्यावर उतरायची घाई पहिल्या वर्षी करू नकोस. ज्यांनी गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, टाकलाय त्यांना २० टक्के सवलतीलाही स्टीम स्वतःहून मेल पाठवतं. मग वीसनं काम होत असताना पन्नास कशाला?

चौथी सगळ्यांत मोठी, आणि तिला आकडाच नाही. ज्यानं तुझा गेम पाहिलाच नाही त्याच्याकडून ७० टक्केही येत नाहीत आणि १०० टक्केही. गोडोचे पैसे लागत नाहीत म्हणून तू खूश असशील. असायलाच हवं. युनिटी या दुसऱ्या इंजिनवाल्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे मागायचं जाहीर करून केवढा गोंधळ घातला आणि वर्षभरानं ते मागे घेतलं, हे तू पाहिलंच आहेस. ती वाचलेली रक्कम आता तीस सेकंदांच्या चांगल्या ट्रेलरवर आणि दुकानातल्या मुख्य चित्रावर घाल. त्या चित्रात किल्ला दिसू दे. अळिवाचं हिरवं गवत आणि त्यात वाकडा उभा असलेला मातीचा मावळा, हे महाराष्ट्राबाहेर कुणी पाहिलेलं नाही. तेच तुझं भांडवल आहे.

प्रकाशकाचं थोडक्यात. त्याचे ४० टक्के दुकानाच्या आडतीनंतर निघतात, म्हणजे २९६ मधून ११८ त्याचे आणि १७८ तुझे. हे वाईटच असं नाही, पण बदल्यात काय? तो गेम पूर्ण करायला पैसे देणार असेल, भाषांतरं आणि चाचणी करून घेणार असेल, त्याच्या आधीच्या गेमच्या डेव्हलपरांशी तुला बोलू देणार असेल, तर विचार कर. नुसतं "आम्ही मार्केटिंग करू" म्हणत असेल तर चहा पाजून पाठव. आणि करारात एक ओळ शोध, तो आपला खर्च आधी वसूल करणार की तुझा वाटा पहिल्या प्रतीपासून. खर्च आधी असेल तर त्याची कमाल मर्यादा लिहून घे, नाहीतर त्याचं हॉटेलचं बिलही तुझ्या किल्ल्यातून निघेल.

फोनवर आत्ता नको. तिथं विकतचा गेम घेणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आणि तुझा गेम जाहिराती दाखवायच्या जातीचा नाही. पुढे कधी गेलास तर एवढं लक्षात ठेव की ती १५ टक्क्यांची सवलत आपोआप लागत नाही, दोन्हीकडे तिच्यासाठी नाव नोंदवावं लागतं. प्ले स्टोअरवर नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ माणसांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते, तेवढे चुलतभाऊ तुला असतीलच.

वेळेचं बघ. दिवाळीचा किल्ला दिवाळीतच यायला हवा, फेब्रुवारीत त्याला कोण विचारणार. स्टीमचे १०० डॉलर भरल्यावर गेम काढायला किमान ३० दिवस थांबावं लागतं आणि "लवकरच येत आहे" असं पान निदान दोन आठवडे उघडं असावं लागतं. ही झाली कायद्याची वेळ. खरं पान होळीच्या सुमाराला उघड, म्हणजे विशलिस्ट साठायला सात-आठ महिने मिळतील. स्टीमचा डेमोंचा महोत्सव वर्षातून तीनदा भरतो, त्यातला एक ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर. एका गेमला त्यात एकदाच जाता येतं, तेव्हा ती संधी त्याच महिन्यासाठी राखून ठेव. एपिकवरही त्याच दिवशी लाव, कारण अनायासे आलेले ४२३ कोण सोडतो.

आणि वडिलांपुढे २९६ चा हिशोब कागदावर मांड. आडत ऐकून घेतील, उधळण तर तुझ्याआधी समजेल त्यांना, आणि मग विचारतील, "पट्टी कधी मिळते?" सांग, एका महिन्याची विक्री पुढच्या महिन्याच्या अखेरीस बँकेत येते, पण खात्यावर १०० डॉलर साठल्याशिवाय निघत नाही. त्यावर ते काय म्हणाले ते मला कळव.

— ताई